कपाटातले पुस्तक वाचकाला दिसावे म्हणून

प्रस्तावना

ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका हा या पुस्तिकेचा विषय आहे आणि मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावांतील वाचनालये डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. एक-दोन खोल्या, भिंतीला लागून काही कपाटे, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल आणि ठरलेल्या वेळेपुरते उघडणारे दार, अशा ठिकाणी तालिकेच्या सॉफ्टवेअरकडून नेमके काय मागावे, हे मात्र फारसे कोणी मराठीत सांगत नाही. गावच्या ग्रंथपालाला आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीला निर्णय घेताना उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा प्रयत्न.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. या कायद्याने गावोगावच्या लोकांनीच स्थापन केलेल्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान दिले. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत; ती लोकांच्या संस्था आहेत. अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी अशी सुमारे अकरा हजार ग्रंथालये राज्यात आहेत. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान कितीतरी वर्षे ३० हजार रुपयांवर थांबले होते. २०२२ मध्ये राज्याने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्याच पैशात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचे मानधन भागवायचे असते. सॉफ्टवेअरच्या गुणदोषांची चर्चा या आकड्यांना धरूनच व्हायला हवी. लाखो रुपयांच्या प्रणालीचे गुण गाऊन गावच्या वाचनालयाच्या पदरात काही पडत नाही.

अशा वाचनालयात आज तालिका म्हणून काय असते? बहुधा दाखल नोंदवही असते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, शेरा असे रकाने आखलेली जाडजूड वही. तिचे मोल मोठे आहे. तपासणीला आलेल्या निरीक्षकाला कोणते पुस्तक केव्हा, केवढ्याला घेतले, ते याच वहीतून कळते. पण पुस्तके खरेदीच्या क्रमाने लिहिलेली असल्याने वाचकाला तिचा काहीच उपयोग होत नाही. कापसावरच्या बोंडअळीविषयी आपल्याकडे काय आहे, असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावे लागेल. म्हणून प्रत्यक्षात ग्रंथपालाची स्मरणशक्ती हीच वाचनालयाची तालिका होऊन बसते. ते पुस्तक तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, हे त्याला तोंडपाठ असते. तो निवृत्त झाला की अर्धे वाचनालय मुके होते. पुस्तके जागच्या जागी असतात. ती आहेत हे कोणाला ठाऊक नसते.

पुस्तक असूनही नसल्यासारखे होणे म्हणजे काय, याचे मोठे उदाहरण बुलढाण्याचेच आहे. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ दिसेनासे झाले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. मधल्या नव्वद वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातल्या किती मुली शिकल्या, किती जणी शिक्षिका झाल्या! आपल्याच जिल्ह्यातल्या बाईने एवढे धारदार लिहून ठेवले आहे, हे त्यांतल्या किती जणींच्या कानावर गेले असेल? ग्रंथ विस्मरणात जाण्याची कारणे पुष्कळ असतात आणि त्या काळच्या समाजाचा त्यात मोठा वाटा होता. पण जे पुस्तक कुठे आहे ते शोधता येते, त्याला पुसून टाकणे अवघड जाते. तालिकेच्या कामाकडे मी याच नजरेने पाहतो.

हे काम आपल्या भाषेला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मुद्रित मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली आणि पुढे १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये आणला. संगणक नसताना, ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालून केलेले हे काम आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. त्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली. गावाने पैसे उभे केले की पंचायत आणि राज्य आपापला वाटा घालत, आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या गावोगाव जात. एका गावाला परवडणार नाहीत तेवढी पुस्तके अनेक गावांनी मिळून वापरायची, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. १९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. ऑनलाइन तालिकेला याहून वेगळे उद्दिष्ट नाही. तिच्या हाती आलेली साधने तेवढी नवी आहेत.

या साधनांतले आज जगभर वापरले जाणारे एक सॉफ्टवेअर खेड्यापाड्यांच्या गरजेतूनच जन्माला आले, हे मुद्दाम सांगायला हवे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्याच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच कोलमडणार होती. नवी विकत घ्यायची तर खर्च आवाक्याबाहेरचा, आणि शाखा जोडणाऱ्या खास तारांचे भाडे वेगळेच. तेव्हा ग्रंथालयाने स्थानिक संगणककारांच्या मदतीने साध्या टेलिफोनच्या तारेवरून, ब्राउझरमध्ये चालेल अशी प्रणाली लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू झाली. ‘कोहा’ असे तिचे नाव. ग्रंथालयाने ती स्वतःपुरती न ठेवता मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ विकसित केले असून त्याची चौथी आवृत्ती क्लाउडवर चालते. महाविद्यालयांतून इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ वापरात आहे. या पुस्तिकेत कोहा आणि ई-ग्रंथालय या दोहोंचा विचार प्रामुख्याने केला आहे, कारण सार्वजनिक वाचनालयाला पेलतील असे हेच दोन पर्याय आहेत.

सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, त्याच्या पोटात नोंद असते. ती कशी असते ते एकदा जवळून पाहावे. शेजारच्या मलकापुरात जन्मलेले कवी ‘बी’, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ चा. दाखल नोंदवहीत त्याची एक ओळ होते. मार्क पद्धतीच्या नोंदीत तेच पुस्तक क्रमांक दिलेल्या खणांमध्ये विभागले जाते. १०० क्रमांकाच्या खणात लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाव, २५० मध्ये आवृत्ती, ६५० मध्ये विषय, वर्गांक ८९१.४६१, म्हणजे ड्यूईच्या पद्धतीप्रमाणे मराठी कविता; आणि कोहात ९५२ च्या खणात आपल्या वाचनालयाची प्रत, तिचा दाखल क्रमांक, कपाट आणि किंमत. ५०५ हा खण अनुक्रमणिकेसाठी असतो आणि बहुतेक ठिकाणी तो रिकामा राहतो. तिथे कवितांची शीर्षके भरली तर ‘चाफा’ एवढाच शब्द आठवणाऱ्या माणसालाही हा संग्रह सापडतो. कवीचे नाव माहीत नाही, संग्रहाचे नाव माहीत नाही, पण गाणे कानात आहे, असे वाचक आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. दहा मिनिटे जास्त खर्चून भरलेला एक खण त्यांच्यासाठी दार उघडतो.

लेखकांच्या नावांचा प्रश्न याच्या लगतचा. कोणी ‘बी’ टंकेल, कोणी ‘कवी बी’, कोणी ‘ना. मु. गुप्ते’. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, अशा जोड्यांनी मराठी वाङ्मय भरलेले आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण नावांची वेगळी फाइल असते. तीत एक नाव प्रमाण ठरवायचे आणि बाकीची त्याला जोडून द्यायची, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी सगळी पुस्तके एकत्र येतात. ही फाइल प्रत्येक वाचनालयाने नव्याने करण्याची गरज नाही. जिल्ह्यात एकाने नीट केली की ती सर्वांना वापरता येते.

मराठीतला शोध हा या पुस्तिकेचा गाभा आहे आणि बहुतेक ठिकाणी घोडे इथेच पेंड खाते. पहिली अडचण जुन्या फॉन्टची. अनेक वाचनालयांनी हौसेने संगणक घेऊन याद्या टंकून ठेवल्या, पण त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. पडद्यावर अक्षरे मराठी दिसतात. आत मात्र भलतीच इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे शोध लागत नाही. त्या याद्या परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतात; जोडाक्षरे आणि रफार मात्र एकेक तपासून घ्यावे लागतात. दुसरी अडचण खुद्द युनिकोडमधली. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवले जाऊ शकते: एकसंध, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला वेगवेगळी. ‘ॲग्रोवन’चा अंक एका पद्धतीने नोंदला आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर उत्तर येते की असे काही नाही. क्ष आणि ज्ञ आपण वर्णमालेच्या शेवटी शिकतो. संगणक त्यांना क आणि ज यांच्या घरात बसवतो, त्यामुळे अकारविल्हे यादी चाळणारा वाचक गोंधळतो. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेत देवनागरी नीट चालावी यासाठी ‘आयसीयू’ या युनिकोड हाताळणाऱ्या संचाची जोडणी करून घ्यावी लागते. ती न केल्याने ‘कोहात मराठी चालत नाही’ असा समज झालेला पुष्कळ ठिकाणी आढळतो.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते आहेतच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावात ‘लक्षांत’ छापलेले असते आणि आजचा विद्यार्थी ‘लक्षात’ शोधतो. ताराबाईंचे पुस्तक कोणी ‘स्त्रीपुरुषतुलना’ असे सलग, कोणी ‘स्त्री-पुरुष तुलना’ असे जोडरेघ देऊन, तर कोणी तीन शब्द सुटे करून टंकतो. मूळ नाव मुखपृष्ठावर आहे तसेच नोंदवावे आणि आजचे रूप २४६ च्या पर्यायी नावाच्या खणात घालावे, हा यावरचा खात्रीचा उपाय. शोधयंत्रणा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पोटात घालत असेल तर आणखी उत्तम. शिवाय मोबाइलवर बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात आणि ज्यांना टंकणे जड जाते ते बोलून शोधतात. या दोन्ही वाटांनी आलेल्याला पुस्तक मिळाले पाहिजे. कुठलेही सॉफ्टवेअर पसंत करण्यापूर्वी विक्रेत्याचे सादरीकरण बाजूला ठेवून हे चार-पाच शब्द त्यात स्वतः शोधून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोताळा-मलकापूर पट्ट्यात उर्दू वाचणारी घरेही आहेत. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी त्याच पडद्यावर नीट उमटते की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्ती हाही आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपला आणि अनेक प्रकाशकांनी ती काढली. साध्या यादीत ती दहा वेळा येते आणि दहापैकी कोणती प्रत जागेवर आहे ते कळत नाही. आधुनिक तालिका या साऱ्या आवृत्ती एका कृतीखाली गोळा करून दाखवतात. याउलट पोलीस भरतीची किंवा राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांना आवृत्तीचे वर्षच हवे असते, कारण जुन्या अभ्यासक्रमाचे पुस्तक हाती आले तर त्यांचे नुकसान होते. गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत आज हीच मुले सर्वाधिक बसतात. शोधाचा निकाल वर्ष, भाषा, विषय आणि उपलब्धता यांनुसार गाळून पाहण्याची सोय त्यांच्या फार कामाची आहे.

पुस्तक सापडल्यावर पुढचा प्रश्न, ते आत्ता मिळेल का? देवघेव आणि तालिका एकाच प्रणालीत असली की ‘बाहेर आहे, अमुक तारखेला परत येईल’ हे घरबसल्या दिसते. सभासद आपला क्रमांक लावून ठेवू शकतो, मुदत वाढवून घेऊ शकतो, नसलेले पुस्तक खरेदीसाठी सुचवू शकतो. खरेदीची ही सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. वाचनालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम बहुतेक ठिकाणी दोन-चार माणसांच्या आवडीवर चालते. शाळकरी मुलीला किंवा शेतमजुरी करून संध्याकाळी वाचणाऱ्या बाईला त्या बैठकीत कोणी विचारत नाही. तालिकेतून आलेली सूचना तारखेसह नोंदली जाते आणि समितीला तिचे उत्तर द्यावे लागते.

एकेकट्या वाचनालयाने स्वतंत्र प्रणाली बसवावी, असे मात्र मी सुचवणार नाही. सॉफ्टवेअर फुकट असले तरी सर्व्हर, देखभाल आणि जाणकार माणूस फुकट मिळत नाही. कोहाच्या एकाच मांडणीत अनेक ग्रंथालये शाखा म्हणून नांदू शकतात. प्रत्येकाचे सभासद, नियम आणि दाखल क्रमांक वेगळे राहतात. शोध मात्र सगळ्यांत मिळून घेता येतो. मोताळा तालुक्यातल्या वाचनालयांनी असे एकत्र यायचे ठरवले, तर धामणगाव बढेच्या वाचकाला कळेल की मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचा ‘शीळ’ आपल्याकडे नसला तरी शेजारच्या गावात आहे. मग तो आणवून घेण्याची व्यवस्था माणसांनी करायची. बडोद्याच्या पेट्यांनी जे साधले ते आठवड्यातून एकदा जाणाऱ्या मोटारसायकलवरही साधता येईल.

दोन गोष्टींची खबरदारी सुरुवातीलाच घ्यावी. पहिली वाचकाच्या खासगीपणाची. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. एखादी तरुणी काय वाचते, एखादा मुलगा आंतरजातीय विवाहाच्या कायद्याचे पुस्तक का नेतो, याची चर्चा पारावर होता कामा नये. कोहात वाचनाचा इतिहास साठवायचा की पुस्तक परत येताच पुसायचा, हे सभासदाला ठरवू देता येते. ही सोय सुरू करावी आणि सभासदाला तसे सांगावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे वाचनालयाचे कर्तव्यच ठरले असते. दुसरी खबरदारी नोंदींच्या मालकीची. आपल्या सर्व नोंदी मार्क स्वरूपात कधीही बाहेर काढून घेता येतील, असे लेखी असल्याशिवाय कोणाशीही करार करू नये. ठेकेदार बदलला म्हणून वर्षांची मेहनत बुडालेली वाचनालये आहेत. आठवड्याला एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. वीज गेली, नेटवर्क गेले तर देवघेव अडू नये म्हणून कोहात ऑफलाइन नोंदी करून नंतर चढवण्याची सोय आहे. तिचा सराव आधीच करून ठेवावा. आणि दाखल नोंदवही बंद करू नये. ती संगणकातूनही छापून निघते, पण तपासणीसाठी आणि मनाच्या शांतीसाठी जुनी वही जपून ठेवणेच बरे.

पुढील प्रकरणांत हे सारे क्रमाने आले आहे: नोंद कशी करावी, जुन्या याद्या युनिकोडमध्ये कशा आणाव्यात, प्रमाण नावांची फाइल कशी उभारावी, शाखांची मांडणी कशी करावी, आणि वार्षिक अहवालाला लागणारे तक्ते कसे काढावेत. ग्रंथपालाने पहिले प्रकरण वाचून लगेच कामाला लागावे आणि बाकीची गरजेप्रमाणे पाहावीत.

सुरुवात कोणत्या कपाटापासून करायची, याविषयी माझे मत ठाम आहे. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या नोंदी दुसऱ्या ग्रंथालयांतून तयार मिळू शकतात. त्यांना उशीर झाला तरी चालेल. आधी ती पुस्तके घ्यावीत जी फक्त आपल्याकडे असण्याची शक्यता आहे: गावातल्या शिक्षकाने पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, दिंडीच्या अभंगांची वही, सहकारी संस्थेचा जुना अहवाल, वऱ्हाडी म्हणींचे हाताएवढे पुस्तक. त्यांना आयएसबीएन नसतो, म्हणून जगातल्या कोणत्याही मोठ्या तालिकेतून त्यांची नोंद आयती मिळणार नाही. ती आपल्याच वाचनालयात, आपल्याच ग्रंथपालाच्या हातून व्हायची आहे. पहिल्या महिन्यात अशी पन्नास पुस्तके जरी नीट नोंदली गेली, तरी या पुस्तिकेचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.